आपल्या गल्लीचं काम नगरपरिषदेच्या सभेत कसं न्यावं

नगरपरिषदेच्या सभा शाखेत मी निवृत्त होईपर्यंत लिपिक होते. विषयपत्रिका तयार करायची, नगरसेवकांना नोटिसा पोहोचल्याच्या सह्या घ्यायच्या, सभेत बसून कोण काय बोललं ते टिपायचं आणि नंतर इतिवृत्त लिहायचं, हे माझं काम. आमचं शहर मुंबईच्या लोकलच्या शेवटच्या टप्प्यातलं. सकाळी निम्मं गाव गाडीत, आणि संध्याकाळी माणसं परत येईपर्यंत कार्यालयाला कुलूप. त्यामुळे नगरपरिषदेत नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने चालतं हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. गटार तुंबलं की लोक सभेच्या दिवशी घोळक्याने दारात येतात. त्यांचा राग खरा असतो, त्रासही खरा असतो. पण त्या दिवशी त्यांचा विषय विषयपत्रिकेवर नसतो, आणि जे विषयपत्रिकेवर नाही त्यावर सभेतून हाती काही लागत नाही.

म्हणून सभेच्या दोन-तीन महिने आधीपासून काय करायचं ते सांगते. हे सगळं नगरपरिषदांबद्दल आहे. त्या ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्यावर चालतात. कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर अशा महानगरपालिकांचा कायदा वेगळा, १९४९ चा. तिथे मुदती आणि समित्या निराळ्या असतात, पण कागदाची चाल बरीचशी अशीच.

आधी जागा कोणाची ते बघा

सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात. रस्ता तुमच्या दारासमोर आहे म्हणून तो नगरपरिषदेचा असतोच असं नाही. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल, एमएमआरडीएचा असेल, एमआयडीसीच्या हद्दीतला असेल, रूळाकडेचा असेल तर रेल्वेचा असेल. पाण्याचंही तसंच. अंबरनाथ-बदलापुरात पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवतं, नगरपरिषद नाही. तिथे कमी दाबाची तक्रार नगरपरिषदेत दिली तर ती नुसती पुढे पाठवली जाते आणि त्यात आठवडे जातात.

उपनगरात आणखी एक मोठी अडचण असते ती गृहसंकुलांच्या आतल्या रस्त्यांची. बिल्डरने रस्ता केला, माणसं राहायला आली, पण रस्ता नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालाच नाही. खासगी जागेवर नगरपरिषद खर्च करायला गेली की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, म्हणून अभियंता अशा फाईलला हात लावत नाही. तुमच्या संकुलाचा प्रश्न हा असेल तर डांबराची मागणी करण्याआधी हस्तांतरणाची मागणी करा. सोसायटीचा ठराव, मंजूर नकाशाची प्रत आणि रस्त्याची लांबी-रुंदी त्याला जोडा. यात वेळ जातो, पण दुसरा रस्ता नाही.

जागा कोणाची हे विचारायला बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंत्याला भेटा. तोंडी विचारलं तरी तो बहुधा सांगतो. नाहीच सांगितलं तर माहितीच्या अधिकारात विचारा: अमुक रस्ता नगरपरिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत आहे का?

अर्ज असा लिहा की अभियंत्याला तसाच वापरता यावा

आमच्याकडे एका चाळीतल्या बायकांनी गटारासाठी दिलेला अर्ज मला अजून आठवतो. त्याआधी त्याच गटाराबद्दल इतरांचे कितीतरी अर्ज आले होते. सगळ्यांत एकच मजकूर: गटार उघडं आहे, दुर्गंधी येते, डास होतात, त्वरित कार्यवाही व्हावी. या बायकांनी शिवणाच्या टेपने गटार मोजलं. महावितरणच्या कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत, ते खांबांच्या क्रमांकांसकट लिहिलं. पाणी कोणत्या दिशेने वाहतं, पुढे कोणत्या नाल्याला मिळतं आणि वळणावरची मोरी कुठे खचली आहे, याचा हाताने काढलेला नकाशा जोडला. किती घरं, किती माणसं हेही लिहिलं. फोटोंच्या मागे तारखा होत्या. कनिष्ठ अभियंता तो कागद हातात घेऊन सरळ जागेवर गेला आणि येताना कामाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकाची मापं घेऊनच आला. त्याचं अर्धं काम त्या बायकांनी करून ठेवलं होतं.

तुमचाही अर्ज तसाच असू द्या. एका अर्जात एकच काम. गटार, दिवा आणि भटकी कुत्री एका कागदावर लिहिलीत तर तीन विभागांत तो कागद फिरतो आणि तिघेही म्हणतात, बाकीचं दुसऱ्याचं आहे. मजकूर साधारण असा:

प्रति, मा. मुख्याधिकारी, ___ नगरपरिषद.
विषय: प्रभाग क्र. ___ मधील ___ चाळीमागील उघडे गटार आर.सी.सी. बांधून बंदिस्त करणेबाबत.
महोदय, वरील गटार खांब क्र. ___ ते खांब क्र. ___ या अंदाजे ४० मीटर लांबीत उघडे असून मधली मोरी खचली आहे. पावसाळ्यात पाणी ___ घरांत शिरते. सदर जागा नगरपरिषदेच्या ताब्यातील आहे. तरी जागेची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व हा विषय सर्वसाधारण सभेपुढे अथवा सार्वजनिक बांधकाम समितीपुढे ठेवावा, ही विनंती.
सोबत: नकाशा, छायाचित्रे, रहिवाशांच्या सह्या.

शेवटचं वाक्य गाळू नका. नुसतं ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ लिहिलंत तर ‘सफाई कामगार पाठवून गटार साफ केले’ असं उत्तर देऊन अर्ज निकाली काढता येतो. सभेपुढे ठेवा, असं स्पष्ट मागितलं की विभागाला टिपणी, म्हणजे विषयाची माहिती देणारा कागद, तरी लिहावी लागते, नाहीतर का ठेवत नाही ते तरी लिहावं लागतं.

अर्ज आवक-जावक टेबलावर द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या केबिनमध्ये हातात दिलेला कागद कुठे गेला हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. प्रती नगराध्यक्षांना, बांधकाम समितीच्या सभापतींना आणि तुमच्या प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना द्या. प्रभागात बहुधा दोन नगरसेवक असतात आणि बऱ्याचदा ते दोन पक्षांचे असतात. एकाकडेच गेलात तर दुसरा तो विषय पहिल्याचा समजतो. दोघांनाही एकाच दिवशी, एकच प्रत द्या.

वेळेचंही भान ठेवा. नगरपरिषदेचं वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक, म्हणजे सगळ्या नगरपरिषदेचं बजेट, हिवाळ्यात विभागवार जुळवायला घेतात आणि साधारण फेब्रुवारीत ते सभेपुढे येतं. तुमचं काम मोठं असेल तर अर्ज दिवाळीच्या आसपास गेला पाहिजे, म्हणजे त्याची तरतूद होऊ शकते. जूनमध्ये गटार तुंबल्यावर दिलेल्या अर्जाने फार तर साफसफाई होते. बांधकाम पावसाळ्यात होत नाही, डांबरीकरण तर नाहीच. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी कामं थांबतात, तेही हिशेबात धरा.

विषयपत्रिका वाचायला शिका

सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघावी लागते, विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस काढल्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून. नोटीस कार्यालयाच्या सूचना फलकावर लागते. काही नगरपरिषदा ती संकेतस्थळावरही टाकतात, पण भरवसा फलकाचाच. फलकाचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरी निवांत वाचा.

पहिला विषय नेहमी मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. त्याकडे कोणी बघत नाही. तुम्ही बघा, त्याबद्दल पुढे सांगते. नंतरचे विषय साधारण या भाषेत असतात: ‘प्रभाग क्र. ९ मधील शाळा ते नाला आर.सी.सी. गटार बांधणे या कामाच्या अंदाजपत्रकास प्रशासकीय मंजुरी देणे व येणाऱ्या खर्चास मान्यता देणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.’

या एका ओळीत तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, कामाचं नाव आणि हद्द तुमच्या अर्जाशी जुळते का. ‘शाळा ते नाला’ असं लिहिलं आणि तुमची मोरी नाल्याच्या पलीकडे असली, तर ती या कामात नाही. हे आत्ताच सांगायला हवं, कारण कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, निघाल्यावर ठेकेदार त्या नावाबाहेर एक फूटही जाणार नाही. दुसरी गोष्ट, मंजुरी कशाला मागितली आहे. अंदाजपत्रकाला प्रशासकीय मंजुरी म्हणजे काम करायचं ठरतंय. निविदा दर मंजुरी म्हणजे निविदा उघडून झाली आहे आणि ठेकेदार ठरतोय. कार्योत्तर मंजुरी म्हणजे काम किंवा खर्च आधीच झाला आहे आणि आता त्याला मान्यता मागत आहेत. तिसरी, पैसा कुठून येणार. तो टिपणीत असतो: नगरपरिषद निधी, राज्याची नगरोत्थान योजना, वित्त आयोग, दलित वस्ती सुधारणा वगैरे. वित्त आयोगाच्या निधीत बंधित आणि अबंधित असे भाग असतात. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसारख्या ठरलेल्या कामांवरच खर्च करता येतो, म्हणून त्यातून बागेची कमान मागू नका.

टिपणी हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद. विभागाने विषयाची पार्श्वभूमी, खर्च आणि लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यात टाकायचा ते) लिहून ती सभा शाखेकडे पाठवलेली असते आणि विषयपत्रिकेसोबत ती नगरसेवकांना जाते. सभेत नगरसेवकाच्या हातात तुमचा अर्ज नसतो, टिपणी असते. तुमच्या नगरसेवकाकडे जा, ती मागा, त्याच्यासमोर बसून वाचा. चूक दिसली तर सभेच्या आधीच बांधकाम विभागात लेखी द्या. नगरसेवकाला तर एकच वाक्य द्या: ‘टिपणीत लांबी २५ मीटर लिहिली आहे, प्रत्यक्षात ४० आहे, दुरुस्तीसह मंजूर करावे.’ एवढं वाक्य तो सभेत नक्की बोलेल. चार पानांचं निवेदन सभेत कोणी वाचत नाही.

सगळं काही सर्वसाधारण सभेतच येतं असंही नाही. स्थायी समिती आहे, शिवाय सार्वजनिक बांधकाम, आरोग्य, पाणीपुरवठा, शिक्षण, नियोजन, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या असतात. लहान रकमेची कामं तिथेच मंजूर होतात. तुमचा विषय सभेत आला नाही म्हणून निराश होण्याआधी समितीची विषयपत्रिका बघा.

सभेच्या दिवशी

सभा लोकांसाठी खुली असते. पीठासीन अध्यक्षांनी एखादी चर्चा बंद दाराआड घ्यायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी, एरवी तुम्हाला बसता येतं. बोलता मात्र येत नाही. तो अधिकार सदस्यांचा आहे. आमच्या सभागृहात मागच्या भिंतीलगत बाकडी होती आणि ती बहुधा रिकामी असायची. तिथे चार माणसं वही घेऊन शांत बसलेली असली की सभेची चर्चा बदलते, हे मी समोरच्या टेबलावरून वारंवार पाहिलं आहे. आकडे विचारले जातात, विषय घाईने वाचून संपवले जात नाहीत. म्हणून जा. एकाने रजा काढली तरी पुरे, पण जा.

वहीत विषय क्रमांक, सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) कोण, आणि शेवटी काय ठरलं ते लिहा. ठरण्याचे प्रकार अनेक आहेत. मंजूर, नामंजूर, तहकूब. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ मंजूर म्हटलं तर समजा की पैसा अजून नाही. ‘पुढील कार्यवाहीचे अधिकार मुख्याधिकाऱ्यांना देण्यात येत आहेत’ म्हटलं तर पुढचा पाठपुरावा नगरसेवकाकडे नव्हे, मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात.

शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ येतात, अध्यक्षांच्या परवानगीने. नोटिशीत ते नसतात, त्यांच्या टिपण्या कोणी वाचलेल्या नसतात, सगळे दमलेले असतात. एखादं तातडीचं काम खरोखरच अडलेलं असतं, तेव्हा ही सोय हवीच. पण मोठ्या रकमेचे किंवा जमिनीचे विषय अशा वेळी येऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, आणि ते आले तर वहीत ठळक लिहून ठेवा. लोक कंटाळून याच वेळी उठून जातात. तुम्ही उठू नका.

आरक्षणाच्या जागांचे विषयही नीट ऐका. विकास आराखड्यातल्या मैदानाचा किंवा शाळेच्या भूखंडाचा वापर बदलायचा तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव येतो. सभेनंतर हरकती-सूचना मागवणारी जाहीर सूचना निघते आणि हरकत द्यायला एक महिना असतो. ही हरकत कोणीही नागरिक देऊ शकतो, तिची सुनावणी होते आणि तिथे तुम्हाला स्वतः बोलता येतं. मैदान वाचवायची संधी या एका महिन्यात असते.

ठराव झाला, आता पुढे

सभेनंतर इतिवृत्त लिहिलं जातं आणि पुढच्या सभेत ते कायम होतं. मधल्या काळात ठरावाची प्रत मागा. ठरावाचा क्रमांक आणि तारीख हातात असल्याशिवाय बांधकाम विभागात तुमचं कोणी ऐकून घेणार नाही. सभेत तोंडी ठरलेली दुरुस्ती, ते ४० मीटर, ठरावात उतरली आहे का, हे डोळ्यांनी वाचा. मी इतिवृत्त लिहीत असे तेव्हा गोंगाटात एखादं वाक्य ऐकूच येत नसे. म्हणूनच नगरसेवकांना आम्ही सांगायचो, दुरुस्ती लिहून द्या. इतिवृत्तात ती नसेल तर पुढच्या सभेत पहिल्या विषयाच्या वेळी तुमच्या नगरसेवकाने हरकत घ्यायची. एकदा कायम झालेलं इतिवृत्त बदलणं फार कठीण.

प्रत सहज मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, असा महाराष्ट्राचा नियम. उत्तराला ३० दिवस, प्रतीला पानामागे दोन रुपये. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘दि. ___ च्या सर्वसाधारण सभेतील विषय क्र. ७ ची टिपणी, ठराव आणि मंजूर अंदाजपत्रक यांच्या प्रती’ असं लिहा. तीस दिवसांत काही आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. बऱ्याच नगरपरिषदांवर डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत काही वर्षं प्रशासक होते. त्या काळात सभा नव्हत्या, पण प्रशासकांचे ठराव नोंदलेले आहेत आणि ते याच पद्धतीने मिळतात. तुमचं काम कदाचित तेव्हाच मंजूर होऊन पडून राहिलं असेल, आधी ते तपासा.

एखादा ठराव कायद्याविरुद्ध आहे किंवा त्याने लोकांना इजा पोहोचेल असं वाटलं तर १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देऊ शकतात. त्यांच्याकडे जाताना ठरावाची प्रत आणि नेमकी हरकत, दोन्ही हवं. नुसत्या नापसंतीला तिथे उत्तर मिळत नाही.

मंजुरीनंतर क्रम असा: तांत्रिक मंजुरी, निविदा, दरांना मान्यता, करारनामा, कार्यादेश. मोठ्या कामांची निविदा महाटेंडर्स संकेतस्थळावर दिसते. प्रत्येक टप्प्यावर फाईल थांबू शकते, म्हणून महिन्यातून एकदा ठराव क्रमांक घेऊन विचारायला जा. रोज जाऊन काही होत नाही, वर्षाने जाऊनही होत नाही.

कार्यादेश निघाला की त्याची प्रत घ्या. त्यात कामाची मुदत आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांना ठेकेदार जबाबदार राहतो तो काळ, लिहिलेला असतो. काम चालू असताना खोदाईची खोली, सळई, काँक्रीटची जाडी यांचे फोटो काढा, कारण वर झाकण पडल्यावर काही दिसत नाही. अभियंता मापं मोजमाप पुस्तकात लिहितो आणि बिल त्यावरूनच निघतं. मापं घेताना तुमच्यातलं कोणी हजर असेल तर बरं.

दोषदायित्व कालावधीत झाकण फुटलं, उतार चुकून पाणी उलटं फिरलं, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. त्यासाठी नवा विषय, नवं अंदाजपत्रक लागत नाही. पहिल्या पावसानंतर गटाराच्या कडेने एक फेरी मारा, जे दिसेल त्याचे फोटो काढा आणि कार्यादेश क्रमांक घालून बांधकाम विभागाला अर्ज द्या, एक प्रत लेखा विभागालाही. ठेकेदाराची सुरक्षा अनामत कालावधी संपल्यावर परत केली जाते. तिचा प्रस्ताव लेखा विभागात जाण्याआधी तुमचा तो अर्ज, आवक क्रमांकासह, त्याच फाईलला लागलेला असला पाहिजे.